स्वस्त प्रोसेसर आणि तीन स्वयंपाकघरं

एका स्वयंपाकघराचं चित्र पुरं करायला आपल्या कॉम्प्युटरला साडेसात तास लागतात, हे मी सोमवारी सकाळी नवऱ्याच्या कानावर घातलं. माझं चुकलं ते एवढंच. पुढचं सगळं आपोआप झालं.

चित्र म्हणजे कागदावर काढायचं चित्र नव्हे. तयार स्वयंपाकघरं बनवून देणाऱ्या कंपनीत मी चार वर्षं नोकरी केली आहे. ओटा, कपाटं, सिंक, सगळं कॉम्प्युटरवर मांडायचं आणि शेवटी एक बटण दाबायचं. मग खिडकीतला उजेड कुठल्या फरशीवर किती पडेल, नळाच्या स्टीलमध्ये काय काय दिसेल, याचा विचार तो कॉम्प्युटर करत बसतो आणि अखेर फोटोसारखं चित्र बाहेर येतं. याला रेंडर म्हणतात. आमची मुलगी झाली तेव्हा मी नोकरी सोडली. मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती सरळ चालत नाही. आता ती साडेतीन वर्षांची झाली, सकाळी बालवाडीत जाऊ लागली, म्हणून मी कंपनीतल्या मॅडमना धीर करून फोन केला.

"तीन स्वयंपाकघरं करून पाठवा," मॅडम म्हणाल्या. "शनिवारी दुपारी बारापर्यंत. जमलं तर घरून काम देऊ. नाही तर बघू."

त्या 'बघू'चा अर्थ मला चांगला माहीत आहे. भिंगरीने दुकानात खेळणं मागितलं की मीही तिला 'बघू' म्हणते.

तर साडेसात तास. नवरा पंपांच्या कारखान्यात माल रवाना करायच्या खात्यात आहे. त्याला कॉम्प्युटरमधलं जेवढं कळतं, तेवढंच मला पंपातलं. पण मी साडेसात तास म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते आमच्या लग्नाच्या फोटोतही नाही.

"प्रोसेसर बदलायचा," तो म्हणाला. "नवीन एक आलाय. सहा कोअरचा, म्हणजे एकात सहा मेंदू. स्वस्त आणि मस्त."

"तुला कसं माहीत?"

"बघून ठेवलंय."

माणूस संसार करता करता काय काय बघून ठेवतो, ते असं अचानक कळतं. त्या दिवशी त्याने मला त्या प्रोसेसरची सात परीक्षणं दाखवली. एक चष्मेवाला मुलगा म्हणत होता, या किमतीत याच्यासारखा दुसरा नाही. एक दाढीवाला म्हणत होता, हा घेण्यापेक्षा पैसे विहिरीत टाका, निदान आवाज तरी ऐकू येतो. खाली शेकडो लोक एकमेकांची अक्कल काढत होते. नवऱ्याने त्यांना उद्देशून 'घरगुती वापरासाठी काय हरकत आहे?' असं अत्यंत सभ्य वाक्य लिहिलं, तर कुणी परक्या माणसाने त्याला 'आधी वाचायला शीक' असं सांगितलं. बिचारा अर्धी पोळी टाकून उठला.

प्रोसेसरचा विषय निघाल्याचं जिन्यावरून वर कसं गेलं कोण जाणे, पण संध्याकाळी सर्व्हेअरकाका हजर. हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. विमा कंपनीसाठी त्यांनी आयुष्यभर नुकसानीची पाहणी केली. जळालेली गोदामं, ठोकलेल्या मोटारी, भिजलेले कापडाचे गठ्ठे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी कुठे काही बिघडलं आहे असं कानावर आलं की त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरतं.

"किती वर्षांचं यंत्र?" त्यांनी खिशातून वही काढली.

"सहा."

"सहा?" त्यांनी वही मिटली. "कागदोपत्री ते केव्हाच गेलं. तुम्ही वापरताय तो त्याचा आत्मा आहे."

"आतून कधी पुसलंय का?" सासूबाई म्हणाल्या. त्या शाळेत ग्रंथपाल होत्या. जगातल्या निम्म्या दुखण्यांचं मूळ धूळ आहे आणि उरलेल्या निम्म्यांचं, वस्तू जागच्या जागी न ठेवणं, असं त्यांचं ठाम मत आहे.

मला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही. मी आपली नवीन प्रोसेसर किती तापतो आणि घरात लहान मूल असेल तर त्याने काय होऊ शकतं, हे वाचत बसले होते. मी फार काळजी करते असं घरात सगळे म्हणतात. मला ते मान्य नाही. मी फक्त वाईटाचा विचार इतरांच्या आधी करून ठेवते, म्हणजे त्यांना करावा लागत नाही. याबद्दल आभार मानायचे सोडून लोक हसतात.

मंगळवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकान एवढं अरुंद, की आत शिरलेल्या माणसाला वळायचं असेल तर आधी बाहेर यावं लागत होतं. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "बोर्ड कुठला?"

प्रोसेसर ज्या मोठ्या पाटीवर बसतो, ती पाटी म्हणजे बोर्ड. ती आमच्याकडे कुठली आहे हे आम्हाला कुठून माहीत असणार? नवऱ्याने घरी फोन लावला.

"आई, कॉम्प्युटरचं झाकण मी सकाळी काढून ठेवलंय. आत डोकावून काय लिहिलंय ते वाच बरं."

"थांब, चष्मा आणते." मग बराच वेळ खुडबुड. मग ग्रंथालयातल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत, "इथे लिहिलंय, यंत्र चालू असताना आत हात घालू नये."

"ते सोड. त्याच्या खालचं वाच."

"खालचं दिसत नाहीये रे, मध्ये तारा आहेत. थांब, बाजूला करते."

"आई, मशीन बंद आहे ना?"

"आत छान निळा दिवा लागलाय."

"आई, हात काढ!" नवरा एवढ्या जोरात ओरडला, की दुकानातल्या सगळ्यांनी आपापल्या हातातल्या वस्तू खाली ठेवल्या.

अखेर बोर्डाचा नंबर मिळाला. दुकानदाराने तो ऐकला, छताकडे बघितलं आणि म्हणाला, "बसेल."

"नक्की?" मी विचारलं.

"बसायला काय, बसेल."

बुधवारी नवऱ्याने कारखान्यातून अर्धी रजा घेतली आणि जेवणाच्या टेबलावर शस्त्रक्रिया मांडली. एका हातात स्क्रू ड्रायव्हर, समोर मोबाईलवर चष्मेवाला मुलगा. मुलगा एक वाक्य बोलला की नवरा त्याला थांबवायचा, तेवढं करायचा, पुन्हा चालू करायचा. जुना प्रोसेसर निघाला. नवीन बसला. दुकानदार खोटं बोलला नव्हता. आता त्याच्या डोक्यावर करड्या रंगाचं एक मलम लावायचं होतं, ते उष्णता वाहून नेतं म्हणे. मलमाची नळी टेबलावर नव्हती.

ती भिंगरीकडे होती. तिने बाहुलीच्या दोन्ही गालांना, कपाळाला आणि पोटाला मलम चोपडलं होतं.

"तिला सर्दी झालीय," भिंगरीने सांगितलं.

मी एका हाताने भिंगरीची बोटं साबणाने धुतली, दुसऱ्या हाताने डॉक्टरांना फोन लावला.

"पोटात गेलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तसं वाटत नाही. पण अंगाला लागलंय."

"कुठे कुठे?"

"गाल, कपाळ आणि पोट."

"पुरळ आलंय का?"

"नाही, प्लास्टिकची आहे ना."

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही जरा पाणी प्या." नाडी न बघता त्यांनी दुखणं माझं आहे हे ओळखलं, याचा मला राग आला.

मलमाची दुसरी नळी आली, झाकण बसलं, बटण दाबलं. पंखा फिरला, निळा दिवा लागला आणि पडदा काळाच राहिला. दुकानदाराला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "मी बसेल म्हणालो होतो ताई. चालेल असं कुठे म्हणालो?" मग त्याने समजावून सांगितलं, की आमचा बोर्ड जुना असल्यामुळे तो या नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. ओळख करून द्यायला सर्व्हिस सेंटरला जावं लागेल.

गुरुवारी सकाळी मी भिंगरीला बालवाडीत सोडलं आणि कॉम्प्युटर मांडीवर घेऊन रिक्षाने सर्व्हिस सेंटरला गेले. टोकन क्रमांक एकेचाळीस. एक नंबरच्या खिडकीत एक बाई होत्या.

"मशीन चालू करून दाखवा," त्या म्हणाल्या.

"चालू होत नाही म्हणून तर आणलंय."

"चालू होत नसेल तर तीन नंबरची खिडकी."

तीन नंबरच्या खिडकीतल्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुमचा बोर्ड बिघडलेला नाही?"

"नाही."

"मग इथे कशाला आलात? इथे बिघडलेले घेतात. ओळख करून देण्याचं काम एक नंबरला. पण त्याला मशीन चालू पाहिजे."

"पण ओळख झाल्याशिवाय ते चालू होणार नाही!"

"बरोबर," ते म्हणाले. मला हे इतक्या लवकर समजलं याचा त्यांना आनंद झालेला दिसला. "म्हणून आधी जुना प्रोसेसर बसवायचा. तो चालू झाला की त्याच्याकडून नव्याची ओळख करून घ्यायची. मग जुना काढायचा."

एखाद्याला नोकरीवरून काढायचं आणि जाताना नव्या माणसाला काम शिकवून जा म्हणायचं, तशातला प्रकार. मला त्या जुन्या प्रोसेसरची दया आली. पण तो होता कुठे? घरी फोन केला. सासूबाईंनी वस्तू जागच्या जागी ठेवली होती, म्हणजे बटणांच्या डब्यात, चौकोनी बटणांच्या कप्प्यात. त्या स्वतः तो डबा घेऊन आल्या, आणि माझं टोकन हुकलेलं पाहून खिडकीतल्या बाईंशी अशा आवाजात बोलल्या, की रांगेतल्या तीन-चार मोठ्या माणसांनी उगाच सरळ बसून घेतलं. काम सहा मिनिटांत झालं. त्यासाठी आम्ही साडेतीन तास तिथे होतो. भिंगरीला बालवाडीतून काकांनी आणलं.

गुरुवारी दुपारी कॉम्प्युटर चालू झाला. नवऱ्याने कारखान्यातून फोन करून विचारलं, "कसा आहे?" जणू काही बाळंतीण मी होते. तिन्ही स्वयंपाकघरं मी सोमवारी आणि मंगळवारीच मांडून ठेवली होती. पहिलं रेंडरला टाकलं आणि घड्याळाकडे बघत बसले.

सहा तास पन्नास मिनिटं.

म्हणजे रजा, रिक्षा, दोन नळ्या मलम, टोकन क्रमांक एकेचाळीस आणि बाहुलीची सर्दी, एवढं सगळं करून वाचली ती चाळीस मिनिटं. नवऱ्याने आकडा बघितला. मग मोबाईल काढून दाढीवाल्याचा व्हिडिओ पुन्हा एकदा पाहिला, या वेळी शेवटपर्यंत.

शुक्रवारी दुसरं स्वयंपाकघर झालं. तिसरं झोपण्यापूर्वी लावून ठेवलं. शनिवारी सकाळी उठून बघते तर चित्र ब्याण्णव टक्क्यांवर अडकलेलं आणि खाली एक ओळ, 'डिस्कवर जागा शिल्लक नाही.'

साडेआठ वाजले होते. बारापर्यंत साडेतीन तास होते आणि रेंडरला लागणार होते सात. मी खुर्चीत बसले. रडू येत होतं असं नाही, पण आलं असतं तर मी अडवलं नसतं. मला काम हवं होतं. नुसतं काम नव्हे, 'तुम्ही काय करता?' या प्रश्नाला 'सध्या घरीच' याच्यापलीकडचं एखादं उत्तर हवं होतं.

नेमके तेव्हा सर्व्हेअरकाका वर्तमानपत्र परत करायला आले. त्यांनी पडदा बघितला, माझा चेहरा बघितला आणि वही काढली.

"काय बिघडलं ते मला सांगू नका," ते म्हणाले. "पाहणीला गेल्यावर मी ते कधीच विचारत नसे. ते सगळे आपल्या सोयीने सांगतात. मी विचारायचो, घटना घडली तेव्हा जागेवर कोण कोण हजर होतं? इथे हजेरीचा काही प्रकार आहे का?"

नवऱ्याने चालू असलेल्या कामांची यादी उघडली. कुठलं काम प्रोसेसरची किती ताकद खातंय, ते त्यात दिसतं. माझं रेंडर बंद पडलेलं, म्हणजे यादी रिकामी हवी होती. पण सगळ्यात वर एक नाव होतं. बहात्तर टक्के.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाईही स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि त्यांनीही पाहिलं.

तो कॅमेरा होता.

हो, कॅमेऱ्याबद्दल मी इथवर काही सांगितलंच नाही. लपवलं नाही, खरंच आठवलं नाही. आपल्या घराला भिंती आहेत हे कुणी मुद्दाम सांगतं का? भिंगरी तीन महिन्यांची असताना मी तिच्या पलंगाच्या वर एक कॅमेरा लावला होता. कॉम्प्युटर सतत त्याच्यातून बघतो, काही हललं की हललेल्या भागाभोवती हिरवी चौकट काढतो आणि तेवढं साठवून ठेवतो. तो तेव्हापासून चालू होता. भिंगरी झोपलेली असताना, भिंगरी खेळत असताना, आणि भिंगरी बालवाडीत गेलेली असताना रिकाम्या पलंगावरही. नवा प्रोसेसर आल्यावर तर तो चेकाळलाच. पूर्वी सेकंदाला पाच वेळा बघायचा, आता ताकद मिळाली म्हणून तीस वेळा बघू लागला होता.

"डिस्कही यानेच भरलीय," नवरा म्हणाला. "अकरा हजार तुकडे आहेत. पुसल्याशिवाय जागा होणार नाही."

"पुसायचं नाही!" मी म्हणाले. "तिचं सगळं लहानपण आहे त्यात!"

"बघू तरी," म्हणून त्याने एक उघडला. पंख्याने चादरीचा कोपरा हलत होता. दुसरा उघडला. सासूबाई येऊन चादर नीट करून गेल्या. तिसऱ्यात मी. दारातून आत आले, वाकले, भिंगरीच्या नाकाजवळ बोट धरलं, गेले. चौथ्यात मी. पाचव्यात मी, वेगळा गाऊन. सहाव्यात मी, डोक्याला टॉवेल. भिंगरी या चारही तुकड्यांत होती, पण ढिम्म, गाढ झोपलेली. तिच्याभोवती हिरवी चौकट एकदाही नव्हती. हलत होते ती मी. तीन वर्षं त्या कॅमेऱ्याने जिवापाड लक्ष ठेवलं होतं ते माझ्यावर.

काकांनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं आणि मग सभ्यपणे खोडलं.

"पूस," मी म्हणाले.

नवऱ्याने पुसायला घेतलं. मग हळूच विचारलं, "टॉवेलवाला एक ठेवू का?"

"एक ठेव."

खरा पेच पुढेच होता. भिंगरीला थोडी सर्दी होती (हो, बाहुलीनंतर तिलाच) आणि ती दूध पिऊन परत झोपली होती. रेंडर बारापर्यंत व्हायला हवं असेल तर कॅमेरा बंद करायला हवा होता. आजच, आत्ता. माझा हात माउसवर होता आणि बोट खाली जात नव्हतं.

"अगं, मी काय घरात शोभेला आहे का?" सासूबाई म्हणाल्या. "मी बसते तिच्याजवळ. दाब तू."

मी दाबलं. सव्वानऊला रेंडर सुरू झालं आणि घड्याळाच्या काट्यासारखं न थांबता पुढे गेलं. दोन मिनिटांनी आतून ग्रंथालयातला आवाज आला, "कूस बदलली!" मग, "डावा पाय पांघरुणाबाहेर!" मग, "आत घेतला!" मग, "शिंकली, एकदा!" नवरा म्हणाला, "आई सेकंदाला पाच वेळा बघतेय." दहा वाजेपर्यंत बातम्या नियमित येत होत्या. सव्वादहाला थांबल्या. मी तीन मिनिटं कळ काढली आणि धावले. आजी आणि नात, दोघी गाढ झोपल्या होत्या. एकीचा हात दुसरीच्या पोटावर. मी नाकाजवळ बोट धरायला वाकले, आणि आता नक्की कुणाच्या नाकाजवळ धरावं हे न कळून तशीच परत फिरले.

अकरा चौतीसला चित्र पूर्ण झालं. अकरा चाळीसला मी तिन्ही पाठवून दिली.

तर तो प्रोसेसर घेण्यासारखा आहे का? काकांनी दुपारी जुनाही बसवायला लावला आणि कॅमेरा बंद ठेवून मोजलं. त्यांना अहवाल अर्धवट सोडवत नाही. जुन्याला साडेतीन तास लागले, नव्याला दोन तास एकोणीस मिनिटं. म्हणजे चष्मेवाला मुलगा खरं बोलत होता आणि दाढीवालाही. ज्याला चित्रं काढून पोट भरायचंय त्याने जरूर घ्यावा, पण घेण्याआधी हजेरी घ्यावी. नवऱ्याने हेच त्या परीक्षणाखाली लिहिलं. त्याला आतापर्यंत चार लोकांनी अडाणी म्हटलंय, पण या वेळी तो पोटभर जेवला.

मॅडमचा फोन पाच वाजता आला.

"चित्रं बघितली," त्या म्हणाल्या. "उजेड सुंदर आलाय. पण मला एक सांगा, आम्ही पाठवलेल्या नकाशात ओट्यासमोर भिंत होती ना?"

"हो मॅडम."

"तिन्ही नकाशांत?"

"हो."

"मग ती गेली कुठे?"

मी चित्रं उघडली. पहिल्या स्वयंपाकघरात ओट्यासमोरच्या भिंतीला हे एवढं मोठं भगदाड होतं, आणि पलीकडे दुसऱ्या खोलीतल्या पलंगाचा कोपरा दिसत होता. दुसऱ्यात भिंतीच्या जागी काचेचं उघडं फडताळ होतं, त्याच्या पलीकडे पलंग. तिसऱ्यात सरकतं दार होतं, ते मी सताड उघडं ठेवलं होतं, आणि पलीकडच्या पलंगावर एक छोटी चादर घालून ठेवली होती, जी कुणीही मागितली नव्हती. हे सगळं मी केव्हा केलं, देवाशपथ सांगते, मला आठवत नव्हतं.

"चुकून झालं मॅडम," मी म्हणाले. "आत्ता भिंती घालून देते. दोन-अडीच तासांत होईल एकेक."

पलीकडे कुणीतरी काहीतरी बोललं. मॅडम म्हणाल्या, "थांबा. दुसरं स्वयंपाकघर ज्यांचं आहे, त्या बाई समोरच बसल्यात. त्यांना जुळी आहेत, आठ महिन्यांची. त्या म्हणतायत, भिंत नको, अस्संच पाहिजे." परत कुजबुज. "आणि विचारतायत, ओट्यापाशी उभं राहून पूर्ण पलंग दिसेल, की नुसतं पायथ्याकडचं?"

"पूर्ण दिसेल," मी म्हणाले. "पांघरूण निघालं तरी कळेल. सिंकपाशी मात्र एक पाऊल डावीकडे सरकावं लागेल."

पलीकडे कागदावर पेन्सिल सरकल्याचा आवाज आला.

"सोमवारपासून सुरू करा," मॅडम म्हणाल्या. "आणि ते सिंक एक पाऊल डावीकडे घ्या."